एक जानेवारी, एक जून

सांता क्लारातल्या ज्या घरात मी भाड्यानं राहत होते, त्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचे आणि दुसरीत आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं मखर. थर्माकोलचे खांब, सोनेरी कागदाची कमान, दिव्यांच्या माळांची खोकी, नाटकाच्या कपड्यांच्या पेट्या, कुणाच्या तरी मुंजीतून उरलेले पाट. मंडळात दरवर्षी नवी कमिटी यायची. जुन्या कमिटीचं काहीही टाकायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचं एकमत व्हायचं आणि खोली आणखी भरायची.

घर मंडळातल्या काका-काकूंचं. काका हाडांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून शिकून ते सत्तर सालच्या सुमाराला इकडे आले. काकूंनी इथल्याच शाळेत गणित शिकवलं होतं. मुलं न्यू जर्सीकडे. मी पुण्याची, कामाच्या व्हिसावर आलेली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, ही माझी नोकरी. ती मला जमायची, कारण चुका शोधायची सवय मी घरूनच आणली होती.

माझे आई-वडील चळवळीतले. आमच्याकडे भिंतीला लागून पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि लहानपणी मी त्यांच्यावर बसून जेवायचे. बुटाची नाडी बांधता येण्याआधी मला पत्रकाची तिहेरी घडी घालता येत होती. प्रत्येक पत्रकात सरकार असायचं आणि ते कायम पलीकडच्या बाजूला असायचं. त्यामुळे २००३ सालच्या वसंतात, लायब्ररीत लावलेली काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्हा सरकारची, जाहिरात वाचून मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं, तेव्हा मनात सेवाभाव वगैरे फारसा नव्हता. सरकार आतून कसं चालतं ते एकदा बघून घ्यावं, असा विचार होता. काउंटीनं माझ्या बोटांचे ठसे घेतले. माझ्या वडिलांचे पोलिसांनी मोर्चांच्या वेळी घेतले होते. फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चला, घराण्याची परंपरा राखलीस."

काम असं होतं. आई-बाप नसलेली किंवा घरी ठेवता येत नाहीत अशी मुलं काउंटी पालक-कुटुंबांकडे ठेवते. मूल मोठं झालं की ही व्यवस्था संपते. तशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत करायची, म्हणजे अभ्यास, बस, बँक, नोकरीचे अर्ज अशा गोष्टींत मदत करायची. माझ्या वाट्याला आलेली मुलगी दक्षिण सुदानची होती. लढाईत घरच्यांपासून तुटून, इतर मुलांबरोबर चालत ती केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत पोचली आणि तिथेच वाढली. एकट्या आलेल्या अशा मुलांपैकी काहींना अमेरिकेनं घेतलं, त्यांतली ती एक. दोन वर्षं ती एका नर्सबाईंच्या घरी राहत होती. बाई चांगल्या होत्या. त्यांच्याकडे मुलांसाठी तीन पलंग होते आणि एक रिकामा झाला की त्यावर दुसरं मूल यायचं.

ती खूप उंच होती. बोलायची कमी आणि आधी जरा थांबून. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी एक निळी बॅग होती, कायम भरलेली. कपडे ती बॅगेतूनच काढायची, धुऊन वाळले की पुन्हा बॅगेत ठेवायची. कपाट रिकामं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "असं सोपं पडतं."

शनिवारी मी तिला काका-काकूंकडे घेऊन यायला लागले, कारण बीजगणितात ती अडकली होती आणि मला शिकवायचा धीर नव्हता. काकूंना होता. स्वयंपाकघराच्या टेबलावर काकू तिला समीकरणं सोडवायला बसवायच्या आणि स्वतः भेंडी चिरायच्या. चूक झाली की सुरीनंच टेबलावर टकटक करायच्या. मंडळातली मुलं मला ताई म्हणतात हे ऐकून तीही मला ताई म्हणायला लागली. काका-काकू तर ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, पण काकूंच्या इंग्रजीत मध्येच एक 'गं' यायचा आणि तो तिला कळायचा.

ऑगस्टमध्ये शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि काउंटीच्या बाईंनी, म्हणजे तिच्या सोशल वर्करनं, आम्हाला नियम समजावून सांगितला. पालक-कुटुंबातली व्यवस्था अठराव्या वर्षी संपते. शाळा चालू असेल तर एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत सवलत. तिचा एकोणिसावा वाढदिवस एक जानेवारीला होता. शाळा संपणार होती जूनमध्ये. म्हणजे ऐन वर्षाच्या मध्यात तिचा पलंग जाणार. व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांसाठी काउंटीची लहान घरं होती, पण त्यांना मोठी रांग होती आणि तिचा नंबर पुढच्या वर्षीच्या हिवाळ्याआधी लागणं कठीण. मधले महिने राहायचं कुठे आणि शाळा पुरी करायची कशी, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आणि तो वाढदिवसही तिचा नव्हता. छावणीत नोंद करणाऱ्या माणसाला मुलांच्या जन्मतारखा कोण सांगणार. त्यानं एकेकाला उभं केलं, बघितलं आणि अंदाजानं वर्ष लावलं. तारीख सगळ्यांना एकच, एक जानेवारी. ती उंच होती म्हणून तिला बहुतेक दोन वर्षं जास्तीची मिळाली. तिला स्वतःला एवढंच आठवत होतं, की तिची आई म्हणायची, तू झालीस तेव्हा गाई नदीकाठच्या कुरणातून अजून परत यायच्या होत्या.

माझं डोकं फिरलं. एका कारकुनानं उंची बघून लावलेल्या तारखेवर एका मुलीला शाळेच्या मध्यात घराबाहेर काढणं हा अन्याय होता, आणि मला तो आजही अन्यायच वाटतो. त्या रात्री जेवताना मी काका-काकूंना माझा बेत सांगितला. आपण तिची जन्मतारीख बदलून मागायची. काउंटीच्या इमारतीसमोर पत्रकं वाटायची. मजकूर तयार होता, मथळासुद्धा.

काकांनी शांतपणे भात कालवला. "तारीख बदलणार ती कशाच्या आधारावर?"

"एक्स-रे काढू. हाडांवरून वय कळतं. तुम्हीच हाडांचे डॉक्टर."

"म्हणून तर विचारतोय. या वयात हाडं दोन वर्षं इकडे, दोन वर्षं तिकडे. आणि ती एकवीसची निघाली तर काय करशील? पत्रकं परत गोळा करशील?"

"पण काका, तत्त्व म्हणून..."

"तत्त्व तुझं आहे," काकू म्हणाल्या. "पलंग तिचा आहे. आधी तिला विचार."

शनिवारी मी तिला विचारलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, ती तारीख खोटी आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण मी विमानात बसले ती त्याच तारखेवर. आता मीच सांगितलं की ती चूक आहे, तर ते विचारतील, आणखी काय काय चूक आहे? माझं ग्रीन कार्ड अजून यायचंय. मला वय नको बदलून. मला जूनपर्यंत शाळेत जाऊ द्या, बस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्रकाचा मजकूर मी फाडला नाही, वहीत तसाच ठेवला. नियमाबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते खरंच होतं. पण तिचं नाव घेऊन ते वाटायचा प्रश्न उरला नाही.

घर सोडण्याआधी काउंटी एक बैठक घेते. तिची पद्धत मला तेव्हा विचित्र वाटली होती. माणसं काउंटी बोलावत नाही, मुलगी बोलावते. आपल्या आयुष्यात ज्यांना आपण धरून आहोत अशा मोठ्या माणसांना तिनं बोलवायचं, आणि प्रत्येकानं सगळ्यांसमोर सांगायचं की मी हिचा कोण आणि मी हिच्यासाठी काय करणार. तिनं नर्सबाईंना बोलावलं, मला बोलावलं आणि काका-काकूंना. काकू बैठकीला जायचं म्हणून इस्त्रीची साडी नेसल्या. काकांनी टाय बांधला, मग गाडीत बसल्यावर काढला.

गोल टेबल होतं, मधे टिश्यूचा खोका. काउंटीच्या बाई पन्नाशीच्या, वाचायचा चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. मी त्यांच्याशी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. त्यांनी डाव्या बाजूनं सुरुवात केली. नर्सबाई म्हणाल्या, मी हिची पालक, हिला माझ्या घराची किल्ली परत करायची गरज नाही, पण पलंगाचं माझ्या हातात नाही. मी म्हटलं, मी हिची मेंटर. काकू म्हणाल्या, गणिताची बाई. मग काकांची पाळी आली.

काकांनी जरा विचार केला. "आमच्या दोघांच्या जन्मतारखा एकाच पद्धतीनं काढलेल्या आहेत," ते म्हणाले.

बाईंना काही कळलं नाही. आम्हालाही नाही. मग काकांनी सांगितलं. त्यांच्या खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवणार. शाळेत नाव घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजी म्हणाले, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचं झालं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. काकांचे हात लांब. कान पहिल्याच झटक्यात लागला. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख लावली एक जून.

"फक्त मलाच नाही, सगळ्या वर्गाला. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि साजरा कुणाचाच नाही. आई म्हणायची, तू पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. कुठल्या वर्षीच्या पोळ्याच्या, ते तिला सांगता येईना. लांब हातांमुळे मी वर्ष-दीड वर्ष आधीच म्हातारा झालोय."

"आमच्याकडे उंची बघायचे," ती म्हणाली. तिनं हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या बाजूचा कान धरला. नुसता धरला नाही, बोटं गालापर्यंत आली. "काका, तुमच्या गुरुजींनी मला तर लग्नाचीच ठरवली असती."

काउंटीच्या बाईंनी चष्मा काढून स्वतः करून बघितलं. कानातलं केसांत अडकलं. नर्सबाईंनी ते सोडवलं. तेवढ्यात मी त्या मुलीकडे बघितलं, तर ती हसत होती, आवाज करून. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

हसणं संपल्यावर बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि कामाचं बोलल्या. सवलतीचा नियम त्यांना बदलता येत नव्हता. पण काउंटीच्या स्वतःच्या निधीतून एखाद्या मुलाला शाळा संपेपर्यंत त्याच घरी ठेवता येतं, वरिष्ठांनी मान्यता दिली तर. ती मागणी त्यांनी आमच्या कुणाच्या सांगण्याची वाट न बघता सप्टेंबरमध्येच पाठवली होती. वरिष्ठांनी परत एकच प्रश्न विचारला होता: जूननंतर कुठे? जूननंतर पत्ता नसेल तर एक्स्टेन्शन देऊन आपण नुसतं सहा महिने पुढे ढकलतो, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणून ही बैठक," बाई म्हणाल्या. "मला जूननंतरचा पत्ता हवा आहे."

माझ्याजवळ पत्ता नव्हता, मीच भाडेकरू. ती टेबलाकडे बघत होती. हात मांडीत घट्ट धरलेले. कुणाकडेही तिनं मागितलं नाही.

"आमच्याकडे वरची खोली आहे," काकू म्हणाल्या. काकांकडे बघितलंही नाही. "काउंटीचं घर मिळेपर्यंत राहील, नंतर राहिली तरी चालेल. फक्त ती खोली सध्या रिकामी नाही."

"कोण राहतं तिथे?" बाईंनी विचारलं.

"गणपती," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात बाई खोली बघायला आल्या. दार उघडलं तर दाराशी कमान, मागे खांब, वर मोराची पिसं. हा राजवाडा कुणाचा, असं त्यांनी विचारलं. काकूंनी मंडळाच्या अध्यक्षांना त्यांच्यासमोरच फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, काकू, कमिटीत ठराव घ्यावा लागेल. काकू म्हणाल्या, घ्या की, तुमचा ठराव होईपर्यंत मखर ड्राइव्हवेवर ठेवते, पाऊस आला तर कळवते. शनिवारपर्यंत तीन जण व्हॅन घेऊन हजर. मखर सनीवेलच्या एका गॅरेजात गेलं. पाट मात्र कुणी नेले नाहीत, ते अजून काकूंकडेच आहेत.

डिसेंबर सुरू झाला तरी उत्तर नव्हतं. नर्सबाईंच्या घरी नव्या मुलाची चौकशी येऊन गेली. ती नेहमीप्रमाणे शाळेत जायची, शनिवारी गणितं करायची, पण काकूंनी सुरी टकटकवली तरी तिचं लक्ष नसायचं. मी ऑफिसात बसल्या बसल्या मनात नवी पत्रकं लिहीत होते.

मग एका दुपारी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तीच होती, शाळेतून.

"ताई, मी राहतेय."

"कुठे?"

"आहे तिथेच. जूनपर्यंत. नंतर काकूंकडे. बाईंचा फोन आला होता."

मी फोन ठेवला आणि बाहेर पार्किंग लॉटमध्ये जाऊन एका कट्ट्यावर बसले. कोणीतरी छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवावा तसं झालं होतं. सरकारशी भांडायचं कसं हे मला लहानपणापासून शिकवलं होतं. सरकारमधल्या एखाद्या बाईनं न सांगता आपलं काम केलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. शनिवारी सकाळी पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, वडील नियमावर बोलतील. त्यांनी विचारलं, "त्या बाईंचे आभार मानलेस का?" नव्हते मानले. सोमवारी लंच टाइममध्ये जाऊन मानले. बाईंच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. त्या म्हणाल्या, हिचं झालं, पण अशी आणखी मुलं आहेत आणि सगळ्यांना काकू नाहीत. तुला लिहिता येतं ना, मग नियमाबद्दल लिही. मी लिहिलं. वहीतलाच मजकूर, तिचं नाव नसलेला. काउंटीच्या सभेत तो वाचून दाखवायलाही गेले. त्यानं लगेच काही बदललं नाही, पण तो वेगळा विषय.

एक जानेवारी आली आणि गेली. ती त्याच पलंगावर उठली आणि सुट्टी संपल्यावर शाळेत गेली. एक जूनला ती सुपरमार्केटमधून केक घेऊन काकांकडे आली. हा माझा वाढदिवस नाही, असं काकांनी तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं आणि दोन तुकडे खाल्ले. काकूंनी निरांजन लावून दोघांनाही ओवाळलं, कारण तिचं जानेवारीत राहून गेलं होतं. तिनं ते न हलता करून घेतलं, फक्त कुंकू लावताना काकूंना टाचा उंचावाव्या लागल्या म्हणून ती थोडी वाकली. दहा-बारा दिवसांनी शाळा संपली. गणितात तिला बी मिळाला. काकूंना ए हवा होता, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं.

त्याच रविवारी ती वरच्या खोलीत राहायला आली. निळी बॅग पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. कपाट रिकामं करून ठेवलं होतं, पण ते रिकामंच राहिलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. ती एका दुकानात काम करायला लागली, सप्टेंबरअखेर कम्युनिटी कॉलेज सुरू झालं. बॅग भरलेलीच होती. मला फार वाटायचं काही बोलावं. काकू म्हणाल्या, तू बोलू नकोस.

नोव्हेंबरात काका-काकू पुतण्याच्या लग्नाला भारतात निघाले. भारताची वारी म्हणजे घरात आठवडाभर बॅगांचा बाजार. बदाम, चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, कुणाकुणासाठी बूट, शेजाऱ्यांनी त्यांच्या आईसाठी दिलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र. न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आला. काका प्रत्येक बॅग उचलून काट्यावर उभे राहत होते आणि काकू आकडा वाचून नाराज होत होत्या. एक बॅग कमी पडत होती.

काकूंनी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून वर हाक मारली. "तुझी ती निळी बॅग रिकामी आहे का गं?"

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते. पलीकडचं दार अर्धवट उघडं होतं, ती पलंगावर बसलेली दिसत होती. मला वाटलं, आता जाऊन काकूंना सांगावं की माझी घ्या.

मग तिनं बॅग पलंगावर घेतली, चेन उघडली आणि ती उलटी केली. कपडे, जोडे, एक पांघरूण, शाळेचं सर्टिफिकेट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला साबण, सगळं पलंगावर पडलं. तिनं बॅग दोनदा झटकली आणि खाली घेऊन गेली.

"आता आहे," ती म्हणाली.

काकूंनी ती दहा मिनिटांत भरली. चेन लागेना, तेव्हा तीच बॅगेवर बसली आणि काकांनी चेन ओढली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. निळी बॅग पट्ट्यावरून सरकत पडद्याआड जाईपर्यंत ती बघत राहिली.

"परत येईल ना?" तिनं विचारलं.

"येईल की," काकू म्हणाल्या. "येताना तिच्यात गोडा मसाला असेल, महिनाभर वास जायचा नाही. चालेल ना?"

चालेल, म्हणाली.

घरी आल्यावर ती सरळ वर गेली. बऱ्याच वेळानं माझ्या दारावर टकटक झाली. तिच्या हातात घडी न घातलेले दोन शर्ट होते. कपाटातले हँगर संपले होते, माझ्याकडे आणखी आहेत का असं ती विचारत होती. मी माझे कपडे खुर्चीवर टाकले आणि चार हँगर मोकळे करून दिले.